थिबा राजवाड्याच्या रस्त्यावरचा रविवारचा वर्ग: शोधनिबंधाचं इंग्रजी शिकताना

या वर्गाला पाटी नाही. रत्नागिरीत थिबा राजवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका कौलारू घराच्या पडवीत दर रविवारी सकाळी दहा ते एक तो भरतो. चालवणाऱ्या बाई महाविद्यालयात इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यात. आपलं नाव कुठे छापलेलं त्यांना नको असतं, म्हणून मीही ते लिहीत नाही. शहरातल्या कुठल्याही महाविद्यालयात, प्राध्यापकांच्या खोलीत 'रविवारच्या बाई' म्हणून विचारलंत तर पत्ता मिळेल.

गेल्या वर्षी जून ते सप्टेंबर मी बारा रविवार तिथे काढले. मराठी माध्यमातून शिकून एमए, एमएस्सी, पीएचडीपर्यंत पोचलेली खूप मुलं-मुली आपल्याकडे आहेत. त्यांना इंग्रजी वाचता येतं, परीक्षाही त्यांनी इंग्रजीतच दिलेल्या असतात, आणि तरी शोधनिबंध लिहायला बसलं की हात थांबतो. हे सगळं मी त्यांच्यासाठी लिहितेय. स्पोकन इंग्लिश शोधणाऱ्यांना या वर्गाचा उपयोग नाही, हे आधीच सांगते.

मी काळबादेवीची. आमच्या घरातल्या बायका तीन पिढ्या खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला जातात. पीएचडीला मी विषयही तोच घेतला: खाडीतल्या तिसऱ्या, पावसाळ्यात त्यांची होणारी मरतूक आणि त्या काढणाऱ्या बायकांची मिळकत. पहिलं प्रकरण लिहून माझ्या मार्गदर्शक सरांकडे दिलं, अकरा पानं. ते परत आलं तेव्हा सरांनी व्याकरणाच्या चुका फारशा काढल्याच नव्हत्या. समासात तीनच प्रश्न पुन्हा पुन्हा लिहिले होते. 'कोण म्हणतं?' 'कशावरून?' 'किती?' मला वाटलं माझं इंग्रजीच कच्चं, म्हणून सरांपर्यंत अर्थ पोचला नाही.

म्हणून मी शोधनिबंधाची भाषा सफाईदार करून देणाऱ्या एका ऑनलाइन सेवेला पैसे दिले. 4,200 रुपये भरले, तीन दिवसांत फाइल आली. वाचताना मला आनंद झाला, हे खरं. इतकी गुळगुळीत पानं माझ्या नावावर कधी नव्हती. मी ती तशीच सरांना नेऊन दिली. सरांनी दोन पानं वाचली आणि विचारलं, "यातून तुझी आजी कुठे गेली?"

मी लिहिलं होतं की खाडीत तिसऱ्या काढणारं माणूस बहुतेक वेळा बाई असतं. त्या वाक्यात आता 'फिशरमेन' होते. मी लिहिलं होतं की पावसाचं गोडं पाणी हे मरतुकीचं एक कारण असू शकतं. तिथे आता 'प्रूव्ह्ज' होतं, म्हणजे सिद्ध होतं. माझ्याकडे दोन हंगामांची, तीन जागांची मोजणी. तेवढ्यावर काही सिद्ध होत नाही. दोन्ही वाक्यांचं व्याकरण बिनचूक होतं आणि दोन्ही वाक्यं खोटी होती. त्या रात्री मला झोप लागली नाही, पैशांसाठी नव्हे, तर ती पानं माझ्या नावाने छापली गेली असती तर या विचाराने.

सरांनीच मला बाईंकडे पाठवलं.

पहिल्या रविवारी धो धो पाऊस होता. पडवीत दोन लांब बाकं, दहा जण. मत्स्यविज्ञानाचे दोघे, इतिहासाची एक, वाणिज्य शिकवणारे एक सर, बाकी आम्ही विज्ञानाचे. प्रत्येकाने आपल्याच कामातला एक परिच्छेद हाताने लिहून आणायचा होता. बाईंनी माझा कागद घेतला, वाचला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आता हे मला मराठीत सांग. पुस्तकी नको. घरी सांगतेस तसं."

मी सांगितलं: पावसात खाडीचं पाणी गोडं होतं. तेव्हा तिसऱ्या मरतात. आजी म्हणते, पूर्वी इतक्या मरत नसत. वरच्या अंगाला मातीचा भराव पडला, त्याने मरत असाव्यात.

बाईंनी फळ्यावर तीन शब्द लिहिले. 'होतं', 'म्हणते', 'असाव्यात'. मग म्हणाल्या, "चार वाक्यांत तू तीन वेगवेगळ्या खात्रीने बोललीस. पहिलं तू स्वतः मोजलंयस. दुसरं ऐकीव आहे. तिसरा तुझा अंदाज. इंग्रजीत मात्र सगळं एकाच खात्रीने लिहिलंस. का?"

याचं उत्तर मला देता आलं नाही, आणि तो पूर्ण तास आम्ही त्यावरच घालवला. माझ्या दृष्टीने या वर्गाची निम्मी किंमत त्या एका तासात वसूल झाली. मराठीत हे सगळं क्रियापदातच असतं. असतं, असेल, असावं, असू शकतं. त्यात वर 'बहुधा' आणि 'म्हणे'. आजी खाडीवर निघताना आभाळ आणि तिथी बघून सांगते. "मिलतील" म्हणाली की दोन टोपल्या न्यायच्या. "मिलाव्यात" म्हणाली तर एक. "मिलल्या तर मिलल्या" म्हणाली की मी घरीच थांबायचं. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. मलाही बोलताना जमतं. इंग्रजी लिहिताना मात्र मी हे सगळं घरी ठेवून जात होते, कारण शाळेत आम्हाला इंग्रजी वाक्य म्हणजे ठाम वाक्य असंच शिकवलेलं. 'इज', 'आर', 'वॉज'.

शोधनिबंधाच्या इंग्रजीत याला हेजिंग म्हणतात. हेज म्हणजे आपली वई, कुंपण. बाईंनी ते तसंच शिकवलं: आपली जमीन कुठवर आहे ते वईवरून कळतं, पलीकडची आपली नाही. फळ्याशेजारी त्यांनी एक मोठा कागद लावलाय, त्यावर खात्रीच्या उतरत्या क्रमाने शब्द आहेत. वर 'शोज', मग 'इंडिकेट्स', मग 'सजेस्ट्स', मग 'इज लाइकली टू', मग 'मे', सगळ्यात खाली 'माइट'. समोर मराठीत आपापली क्रियापदं आम्हीच भरायची. वईवर वई घालायची नाही, हेही बजावलं. 'मे पॉसिबली सजेस्ट' असं एकाने लिहिलं, तर बाई म्हणाल्या की या वाक्यात आता काहीच उरलं नाही.

याच्याच पुढचं म्हणजे 'म्हणे'. मराठीत एक 'म्हणे' टाकला की जबाबदारी आपल्या अंगावरून उतरते. शोधनिबंधात तो 'म्हणे' चालत नाही. कोण म्हणे, कधी म्हणे, कुठे म्हणे, हे लिहावं लागतं. संदर्भ देणं म्हणजे काय हे मला एमएस्सीत दोन वर्षांत जेवढं कळलं नव्हतं, तेवढं या एका शब्दावरून कळलं. आजीचा भरतीचा हिशोब घ्या. किनाऱ्यावरच्या सगळ्यांना तो येतो: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पाणी भरतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. बाईंनी हे वर्गाला इंग्रजीत लिहायला लावलं. सगळ्यांनी ठाम लिहिलं. मग त्यांनी विचारलं की भरतीच्या छापील वेळापत्रकाशी हे मिनिटाला जुळतं का? जुळत नाही, मागे-पुढे होतं. चंद्रामुळे भरती रोज सरासरी पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, आजीचा हिशोब पंचेचाळीस धरतो, आणि खाडीत आत पाणी उशिरा पोचतं ते वेगळंच. म्हणजे 'अप्रॉक्झिमेटली' हवं. नुसतं 'अबाउट'ही चालेल, पण 'मोअर ऑर लेस' नको, ते बोलण्यातलं.

आणि हे सांगितलं कोणी? आजीने. मग आजीचा संदर्भ कसा द्यायचा? वर्गात आम्ही संदर्भ देण्याची एपीए पद्धत वापरत होतो. तिच्यात याला 'पर्सनल कम्युनिकेशन' म्हणतात. नाव आणि तारीख मजकुरात द्यायची, शेवटच्या संदर्भसूचीत नाही, कारण वाचकाला ते शोधून वाचता येत नाही. आपण संशोधनासाठी ज्यांच्या मुलाखती घेतो त्यांच्यासाठी मात्र ही सोय वापरायची नसते, तो आपला विदा, म्हणजे डेटा, असतो. माझ्या पाहणीत मी घरच्यांना मुद्दाम घेतलं नव्हतं, म्हणून आजीला ही जागा मिळाली. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात आता तिचं नाव आहे, कंसात, तारखेसह. मी तिला ते पान दाखवलं. तिला अक्षरं ओळखता येत नाहीत, तिने नावावर बोट ठेवून किती वेळ ते तसंच ठेवलं.

'फिशरमेन'चा प्रश्न बाईंनी चौथ्या रविवारी सोडवला. हात घालून, पायांनी चाचपून, कोयतीने खडक खरवडून जे गोळा करतात त्याला मासेमारीच्या अभ्यासात 'ग्लीनिंग' म्हणतात. शब्द मुळात शेतातला आहे. कापणी झाल्यावर मागे राहिलेली कणसं वेचणं. म्हणजे आपला सरवा. बाईंनी 'सरवा' म्हटलं आणि माझ्या डोळ्यांसमोर चित्रच उभं राहिलं: ओहोटीला उघडी पडलेली पुळण, ओळीने वाकलेल्या बायका. 'ग्लीनर्स' लिहिलं की त्यात बाई मावते, आणि 'विमेन ग्लीनर्स' लिहिलं की ती दिसते. अचूक शब्द शोधण्यात एवढी ताकद असते हे मला माहीत नव्हतं. मोठमोठे शब्द म्हणजे प्रगत इंग्रजी अशी समजूत घेऊन मी आले होते.

त्याच दिवशी कर्मणी प्रयोगावर बोलणं झालं. 'क्लॅम्स वेअर कलेक्टेड'. तिसऱ्या गोळा केल्या गेल्या. कार्यपद्धतीच्या भागात हे सर्रास चालतं, तिथे नमुने कोणी उचलले याला महत्त्व नसतं. पण माझ्या प्रबंधात तिसऱ्या कोण काढतं हाच तर निष्कर्ष आहे. तिथे कर्मणी वाक्य लिहिलं की बायका दुसऱ्यांदा गायब. नामांचंही तसंच. 'पाणी गोडं झालं आणि तिसऱ्या मेल्या' याचं 'क्षारता घटल्याने मरतूक' होतं. इंग्रजीतही 'डिक्लाइन इन सॅलिनिटी' आणि 'मॉर्टॅलिटी'. याचा फायदा असा की पुढच्या वाक्यात त्या मरतुकीबद्दल बोलता येतं, तिला आकडा लावता येतो. पण बाई प्रत्येक नामाखाली पेन्सिलीने विचारतात: कोणी केलं? उत्तर महत्त्वाचं असेल तर नाम मोडून परत क्रियापद करायचं.

थिबा राजाचा धडा मात्र सगळ्यांना आवडला, इतिहासवाली तर खूश होती. बाईंनी चार वाक्यं दिली. ब्रह्मदेशचा राजा थिबा 1885 साली पदच्युत झाला. त्याला रत्नागिरीत आणलं. 1910 मध्ये तो या राजवाड्यात राहायला आला. 1916 मध्ये इथेच वारला. प्रश्न असा की यातल्या कुठल्या वाक्याला संदर्भ लागेल? आम्ही म्हटलं, एकालाही नाही, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाईंनी विचारलं, "रत्नागिरीतल्या. लातूरच्या पोराला?" 'कॉमन नॉलेज' म्हणजे सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट हे सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. ते 'सर्व' कोण, हे आपण ठरवायचं असतं आणि ते आपल्या वाचकावर अवलंबून असतं, हे मी पहिल्यांदा ऐकलं. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) म्हणजे काय हे मी कुठेच स्पष्ट केलं नव्हतं. माझा प्रबंध तपासणारा माणूस कदाचित समुद्रापासून पाचशे किलोमीटरवर राहत असेल.

प्रस्तावना कशी लिहायची यासाठी जॉन स्वेल्स या भाषाशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये मांडलेला एक आराखडा जगभर शिकवतात. त्यात तीन चाली आहेत: आपलं क्षेत्र दाखवा, त्यातली रिकामी जागा दाखवा, ती तुम्ही कशी भरताय ते सांगा. बाई त्याला बाग, खड्डा आणि कलम म्हणतात. बाग कोणाकोणाची आहे, कोणी काय लावलंय. मोकळा खड्डा कुठे आहे. तू कुठलं कलम लावणार. आमच्यापैकी बहुतेकांच्या प्रस्तावनेत बाग चार पानं आणि खड्डा अर्धं वाक्य होता. माझ्यात तर खड्डाच नव्हता. 'यावर फार काम झालेलं नाही' असं लिहिलेलं. बाईंनी त्यापुढे सरांचाच प्रश्न लिहिला: कशावरून? मग दोन रविवार आम्ही शोधगंगेवरचे प्रबंध उघडून प्रत्येकाचा खड्डा शोधत बसलो. विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध तिथे फुकट वाचता येतात, हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी आजच बघावं. मला माझा खड्डा तिथेच सापडला. पाहिलेल्या कामांत तिसऱ्यांच्या वाढीवर आणि प्रजननावर भरपूर होतं. ती मरतूक आणि काढणाऱ्या बाईचा त्या महिन्याचा हिशोब एकत्र ठेवून पाहिलेलं काम मात्र मला मिळालं नाही. 'मला मिळालं नाही' असंच मी लिहिलंय, आणि कुठे-कुठे शोधलं तेही.

शब्दसंग्रहावर बाई फार वेळ घालवत नाहीत. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली न्यूझीलंडमध्ये तयार केलेली यादी त्या पहिल्याच दिवशी देतात. 570 शब्दकुळं, साधारण 35 लाख शब्दांच्या शैक्षणिक मजकुरातून काढलेली. अशा मजकुरातला जवळपास दहावा हिस्सा त्यांनी व्यापलेला असतो. विषय कायद्याचा असो की जीवशास्त्राचा, हे शब्द भेटतातच. पाठ करायचे नाहीत. आपल्या विषयाच्या एका निबंधात त्यांच्याखाली रेघा मारायच्या आणि शेजारी कोणता शब्द येतो ते वहीत उतरवायचं. मँचेस्टर विद्यापीठाची ॲकॅडेमिक फ्रेजबँक ही वेबसाइटही त्या उघडून दाखवतात. तुलना करताना, मर्यादा सांगताना, मतभेद दाखवताना वापरायचे वाक्यांचे साचे तिथे मिळतात. फुकट आहे, आणि ते साचे घेणं म्हणजे चोरी नव्हे. माझ्या मोबाइलवर ती अजून रोज उघडी असते.

मात्र मला या दोन्हींपेक्षा जास्त उपयोग झाला तो ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांच्या लेखनाच्या संग्रहाचा. बावे म्हणून ओळखतात त्याला. तिथल्या विद्यापीठांत चांगले गुण मिळालेले 2,761 लेख त्यात आहेत, साधारण 65 लाख शब्द. मोठ्या शास्त्रज्ञाचा निबंध वाचून छाती दडपते. पण माझ्याच वयाच्या जीवशास्त्राच्या मुलीने 'हाउएव्हर' वाक्यात कुठे ठेवलंय ते बघितलं की आपल्यालाही जमेल असं वाटतं. आणि जमतं.

आपल्या मराठीतून येणाऱ्या चुकांवर बाईंनी एक पूर्ण रविवार दिला. आपला 'च' इंग्रजीत 'ओन्ली' होऊन वाक्याच्या शेवटी बसतो. 'इन द मॉर्निंग ओन्ली', म्हणजे सकाळीच. 'रिसर्चेस', 'इक्विपमेंट्स', 'डिस्कस अबाउट' ही तर सगळ्यांच्याच वहीत होती. आर्टिकल आपल्याकडे नाहीतच, त्यामुळे 'द' कुठे घालायचा हे मला अजून प्रत्येक वाक्याला थांबून ठरवावं लागतं. बाई म्हणतात याला वर्षं लागतात, आणि यासाठी कोणी प्रबंध नाकारत नाही.

आता उसनवारीबद्दल, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर उचलण्याबद्दल, कारण वर्गात येणाऱ्या निम्म्यांना हीच भीती घेऊन आलेली मी पाहिली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे नियम असे: साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून परत द्यायचं. चाळीसच्या वर साठपर्यंत गेलं तर सुधारलेला प्रबंध द्यायला एक वर्ष बंदी. साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. हे आकडे ऐकून लोक काय करतात? शब्द बदलतात. आमच्यातल्या एकाने 'सिग्निफिकंट डिफरन्स'चं 'इम्पॉर्टंट डिफरन्स' केलं होतं. संख्याशास्त्रात 'सिग्निफिकंट'ला ठरलेला अर्थ आहे, चाचणी करून आलेला. 'इम्पॉर्टंट' लिहिलं की ती चाचणीच पुसली गेली. आकडा कमी झाला आणि वाक्य खोटं झालं.

बाईंची पद्धत वेगळी आहे, आणि मला वाटतं मराठी माध्यमातल्या मुलांना ती इतरांपेक्षा सोपी जावी. मूळ परिच्छेद वाचायचा. पुस्तक मिटायचं. शेजाऱ्याला मराठीत सांगायचं. शेजाऱ्याला कळलं तरच पेन उचलायचं आणि इंग्रजीत लिहायचं. मग मूळ उघडून आकडे आणि नावं ताडून बघायची, संदर्भ द्यायचा. दोन भाषांमधून गेलेलं वाक्य मूळ वाक्यासारखं दिसूच शकत नाही, आणि न समजलेलं मराठीत सांगताच येत नाही. इतकी वर्षं मी माझ्या मराठीला अडसर समजत होते.

एआयकडून लिहून घेतलेला मजकूर आमच्यातल्या एकाने आणला होता. त्यातले चार संदर्भ बाईंनी त्याला तिथेच शोधायला लावले. दोन अस्तित्वातच नव्हते. तेव्हापासून वर्गाचा नियम आहे: स्वतः लिहिलेल्या वाक्याबद्दल यंत्राला विचारा, पण वाक्य त्याच्याकडून लिहून घेऊ नका, आणि जो निबंध डोळ्यांनी उघडून पाहिलेला नाही त्याचा संदर्भ देऊ नका.

उणिवाही आहेत. बोलण्याचा सराव जवळजवळ नाही. बारापैकी एकच रविवार चर्चासत्रात कसं मांडायचं यावर होता, आणि तो घाईत उरकला. मला तोंडी परीक्षेची धास्ती आहे, तिथे या वर्गाचा आधार पुरणार नाही. कलाशाखेच्या मुलांना उदाहरणं कमी मिळतात. इतिहासवालीला सतत आमच्या तिसऱ्या आणि सुरमईवर समाधान मानावं लागलं, आणि समीक्षा कशी लिहायची हे तिला शेवटपर्यंत नीट मिळालं नाही. छापील टिपणं देत नाहीत, त्यामुळे एक रविवार चुकला की तो गेला. बाई एकट्या दहा वह्या तपासतात, म्हणून वही कधीकधी दोन आठवड्यांनी परत मिळते, तोवर आपण पुढचं लिहून बसलेले असतो. पावसाची झड पडवीत येते. जुलैत दोन रविवार दिवे गेले, तेव्हा बाईंनी मोबाइलच्या उजेडात वह्या पाहिल्या, वर्ग सोडला नाही.

शुल्क 3,600 रुपये, म्हणजे रविवारी तीनशे. दोन हप्त्यांत देता येतं, आणि अडचण असेल तर बाईंशी एकटीने बोलावं, त्या ऐकतात. एका वेळी दहाच जण घेतात. काळबादेवीहून बसणी-शिरगावमार्गे सकाळची एसटी पकडली की दहाच्या आत पोचता येतं, परतीला मात्र दुपारी गाडीची वाट बघावी लागते. डबा आणलात तर पडवीत बसून खायला हरकत नाही.

माझ्यात काय फरक पडला? दुसरं प्रकरण मी ऑगस्टमध्ये सरांना दिलं, चौदा पानं. 'कशावरून?' चार ठिकाणी होतं, 'किती?' दोन ठिकाणी. 'कोण म्हणतं?' एकदाही नाही. व्याकरणाच्या चुका पहिल्या प्रकरणाइतक्याच असतील, कदाचित जास्तही, कारण वाक्यं आता माझी आहेत आणि लांब आहेत. बंधाऱ्याच्या भरावाबद्दल जे मी पूर्वी ठासून लिहिलं होतं, तिथे आता 'मे बी रिलेटेड टू' आहे. हे लिहिताना मला कमीपणा वाटला नाही. माझ्या मोजणीची वई तिथे संपते, आणि पलीकडे पुढच्या कोणाचं तरी कलम लागेल.

ज्या सेवेला मी पैसे दिले, तिच्याशी तुलना होणारच, म्हणून लिहिते. तिथे भाषा तीन दिवसांत मिळाली, इथे तीन महिने लागले. प्रबंध पुढच्या आठवड्यात द्यायचा असेल तर हा वर्ग तुमच्या कामाचा नाही. पीएचडीच्या पहिल्या वर्षात असाल, किंवा एमएस्सीचा प्रकल्प अजून सुरू व्हायचाय, तर इथे या.

पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होते. फोनवर नाव घेत नाहीत, आधीच्या शनिवारी संध्याकाळी पाच ते सात स्वतः जावं लागतं. जाताना आपल्या कामातला एक परिच्छेद हाताने इंग्रजीत लिहून न्या. कागद नसेल तर बाई चहा देतात आणि परत पाठवतात.